एजंट आत आला. बाहेर कसा काढायचा?

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची म्हणून व्हॉट्सॲप वेब उघडायचं, पीडीएफ उतरवून घ्यायची, पैसे द्यायचे आणि निघायचं, हे आपल्याकडे रोज घडतं. ब्राउझरची खिडकी बंद केली की विषय संपला, असं बहुतेकांना वाटतं. तासाभराने त्याच संगणकावर कुणी ते पान पुन्हा उघडलं, तर आपल्या गप्पा, फोटो, कुणाला तरी पाठवलेली आधार कार्डाची प्रत, सगळं जसंच्या तसं समोर येतं. खिडकी बंद झालेली असते, सेशन चालूच असतं.

हाच प्रश्न आता नव्या रूपात पुढे आला आहे. परक्या संगणकाऐवजी आपण स्वतःहून एका एआय एजंटला मेसेजिंग ॲपमध्ये घेऊ लागलो आहोत. ‘ग्रुपवरच्या न वाचलेल्या संदेशांचा गोषवारा दे’, ‘फी राहिलेल्या पालकांना आठवण कर’, ‘डिलिव्हरी कधी येणार ते विचार’ अशी कामं तो करतो. २०२६च्या सुरुवातीला ओपनक्लॉ हा मुक्तस्रोत एजंट जगभर चर्चेत आला. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरूनच त्याला कामं सांगता येतात, हे त्याचं एक मोठं आकर्षण होतं.

अशा एजंटला आत कसं घ्यायचं, हे शिकवणारे व्हिडिओ ढीगभर सापडतात. त्याला बाहेर कसं काढायचं, यावर फारसं कुणी बोलत नाही. बाहेर पडण्याचं काम एजंटच्याच हाती द्यावं का, हा त्याहून नाजूक प्रश्न. ‘सेशन संपव’ एवढं एकच काम करणारं टूल हे एजंटकडच्या यादीतलं सगळ्यात साधं टूल दिसतं. पण एजंटला काय झेपतं आणि काय झेपत नाही, हे त्याच्याइतकं चटकन दुसरं कुठलंही टूल दाखवत नाही.

मॉडेल लिहितं, प्रोग्राम करतो

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांच्या मुळाशी असलेलं भाषेचं मॉडेल स्वतः काहीच करत नाही. ते फक्त मजकूर लिहितं. त्याचा एजंट होतो तो भोवती बांधलेल्या प्रोग्राममुळे. हा प्रोग्राम मॉडेलला आधीच टूल्सची यादी देऊन ठेवतो. प्रत्येक टूलचं नाव, ते काय करतं याचं दोन-तीन ओळींचं वर्णन आणि ते चालवायला कोणती माहिती लागते याचा तक्ता त्या यादीत असतो. ‘अमुक टूल, अमुक माहिती घालून चालवा’ असं मॉडेल ठरावीक साच्यात लिहितं. प्रोग्राम ते वाचतो, टूल खरोखर चालवतो आणि जो निकाल येईल तो मजकुराच्या रूपात मॉडेलपुढे ठेवतो. तो वाचून मॉडेल पुढचं पाऊल ठरवतं. काम संपेपर्यंत हे चक्र फिरत राहतं.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेल्सना ही सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला. एकदा लिहिलेलं टूल कुठल्याही एजंटला जोडता येईल, अशी ती सामाईक पद्धत. त्यानंतर काही महिन्यांतच व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामसाठी असे जोड तयार झाले.

अशा जोडातली दोन टूल्स शेजारीशेजारी ठेवून पाहू. पहिलं ‘संदेश पाठव’. त्याला दोन गोष्टी लागतात: कुणाला आणि काय. ‘सुरेशला कळव’ असं म्हटलं आणि फोनमध्ये तीन सुरेश असले, तर मॉडेल अडतं आणि विचारतं. दुसरं ‘लॉगआउट’. त्याच्या तक्त्यात एकही रकाना नाही. नाव नको, नंबर नको, कारणही नको. रकानाच नाही, त्यामुळे अडायला निमित्तही नाही. मॉडेलच्या मनात आलं की क्रिया घडते. लॉगआउटचं टूल लिहायला पाच मिनिटं लागतात आणि नेमकं म्हणूनच ते निष्काळजीपणे लिहिलं जातं.

सेशन कुठे असतं?

व्हॉट्सॲप वेब जानेवारी २०१५ मध्ये आलं, तेव्हा ते फोनचं निव्वळ प्रतिबिंब होतं. संदेश फोनवर यायचे आणि तिथून संगणकाच्या पडद्यावर दिसायचे. फोनची बॅटरी संपली की संगणकही गप्प. २०२१ पासून ही रचना बदलली. आता फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात आणि त्यातल्या प्रत्येकाकडे कूटलेखनाच्या स्वतःच्या किल्ल्या असतात. तुम्हाला कुणी संदेश पाठवला, तर पाठवणाऱ्याचा फोन त्या संदेशाची तुमच्या प्रत्येक उपकरणासाठी वेगळी कुलूपबंद प्रत तयार करतो.

एजंट जोडला जातो तो याच यादीत, आणखी एक उपकरण म्हणून. त्याचा प्रोग्राम क्यूआर कोड दाखवतो. त्या कोडमध्ये पासवर्ड नसतो. एक तात्पुरता संदर्भ क्रमांक, नव्या उपकरणाच्या जाहीर करण्याजोग्या किल्ल्या आणि जोडणीपुरती एक गुप्त किल्ली त्यात असते. माणूस फोनचं कुलूप बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडतो, कोड स्कॅन करतो आणि फोन त्या नव्या किल्लीवर ‘हे माझंच उपकरण’ अशी डिजिटल सही करतो. त्या क्षणापासून तुमच्या नावे येणाऱ्या प्रत्येक संदेशाची एक प्रत एजंटच्या संगणकावर पोहोचू लागते.

हे जोड बहुधा बेलीज किंवा व्हॉट्समियाव यांसारख्या अनधिकृत लायब्ररींवर उभे असतात. जोडलेल्या उपकरणाची भाषा त्या हुबेहूब बोलतात. व्हॉट्सॲपच्या अटींना हा प्रकार मंजूर नाही आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं. व्यवसायांसाठीचा अधिकृत मार्ग वेगळा आहे. तिथे ग्राहकाचा शेवटचा संदेश आल्यापासून २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येतं, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेले साचेबद्ध संदेश पाठवता येतात. तिथलं सेशन घड्याळच संपवतं. वैयक्तिक खात्यावर मात्र ते कुणीतरी संपवावं लागतं.

बाहेर पडण्याच्या तीन पायऱ्या

लॉजमध्ये उतरलेला माणूस खोलीबाहेर पडला म्हणजे त्याने खोली सोडली असं होत नाही. किल्ली परत करावी लागते आणि काउंटरवरच्या रजिस्टरात ‘गेले’ अशी नोंद व्हावी लागते. सेशनचंही तसंच आहे. पहिली पायरी म्हणजे सर्व्हरशी चालू असलेला संपर्क तोडणं. दुसरी म्हणजे एजंटच्या संगणकावर साठवलेल्या किल्ल्या पुसणं. तिसरी म्हणजे सर्व्हरवरच्या उपकरणांच्या यादीतून नाव काढणं. खिडकी बंद करणाऱ्याने पहिली पायरी उतरलेली असते, बाकीच्या दोन तशाच राहतात.

लायब्ररी लिहिणाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक असतो. व्हॉट्समियावमध्ये ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘लॉगआउट’ ही दोन वेगळी फंक्शन्स आहेत. डिस्कनेक्ट फक्त संपर्क तोडतं. किल्ल्या शाबूत असतात, त्यामुळे एजंट मनात येईल तेव्हा परत येऊ शकतो. लॉगआउट सर्व्हरला ‘हे उपकरण यादीतून काढा’ अशी विनंती पाठवतं, ती मान्य झाली की संपर्क तोडतं आणि मग किल्ल्या पुसतं. विनंतीच फसली तर पुढचं काहीही करत नाही, किल्ल्या जागच्या जागी ठेवतं.

हा क्रम विचार करून ठरवलेला आहे. उलटा क्रम घेऊन पाहा. आधी किल्ल्या पुसल्या आणि त्याच वेळी इंटरनेट गेलं. आता एजंटकडे सर्व्हरशी बोलायला ओळखच उरली नाही, त्यामुळे ‘मला काढा’ हेही त्याला सांगता येत नाही. तुमच्या फोनवरच्या यादीत मात्र ते उपकरण दिसत राहतं आणि पाठवणाऱ्यांचे फोन त्याच्यासाठी प्रती तयार करत राहतात. माणसाने फोनवरून ते हटवेपर्यंत किंवा वापराअभावी व्हॉट्सॲपने स्वतः काढून टाकेपर्यंत हे चालतं. म्हणून आधी सर्व्हर, मग किल्ल्या. टूल लिहिणाऱ्याने हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

त्या विनंतीतली एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. उपकरण काढा, असं सांगताना सोबत कारणही पाठवलं जातं. बेलीज आणि व्हॉट्समियाव, दोन्ही लायब्ररींत हे कारण आधीच लिहून ठेवलेलं आहे: ‘वापरकर्त्याने सुरू केलेलं’. माणसाने बटण दाबलं असो, एजंटने गोंधळून टूल चालवलं असो, की ग्रुपवरच्या कुणाच्या चिथावणीने ते घडलं असो, सर्व्हरपर्यंत पोहोचणारं कारण एकच. यंत्रणेच्या लेखी तो निर्णय तुमचाच असतो. म्हणून कुणी सांगितलं, कधी सांगितलं आणि कोणत्या संदेशानंतर ते टूल चाललं, याची नोंद एजंटच्या बाजूने वेगळी ठेवावी लागते. नाहीतर नंतर शोधायला काहीच हाती राहत नाही.

‘पुन्हा प्रयत्न करतो’ ही खोड

मेसेजिंगचे प्रोग्राम चिकट स्वभावाचे लिहिलेले असतात. नेटवर्क जातं, सर्व्हर क्षणभर अडखळतो, तरी त्यांनी आपणहून पुन्हा जोडून घ्यावं अशी अपेक्षा असते. बेलीजमध्ये संपर्क तुटला की कारणाचा आकडा मिळतो. ४०८ म्हणजे वेळ संपली, ४२८ म्हणजे संपर्क बंद झाला, ४४० म्हणजे तुमच्या जागी दुसऱ्याने संपर्क घेतला, ५१५ म्हणजे नव्याने सुरू करा. आणि ४०१ म्हणजे लॉगआउट झालेलं आहे. तिच्या नमुन्याच्या कोडमध्ये हीच अट लिहिलेली असते: कारण ४०१ नसेल तरच पुन्हा जोड. ही एक ओळ विसरली, तर मालकाने फोनवरून एजंटला बाहेर काढलं तरी त्याचा प्रोग्राम दार ठोठावत राहतो.

त्यावर आणखी एक थर असतो. असे प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवणारा दुसरा प्रोग्राम चालवतात. लॉगआउटनंतर मूळ प्रोग्राम शहाण्यासारखा थांबतो. राखणदाराला वाटतं तो कोसळला, तो त्याला पुन्हा उठवतो. उठल्यावर किल्ल्या सापडत नाहीत, म्हणून प्रोग्राम नवा क्यूआर कोड तयार करून स्कॅनची वाट बघत बसतो. चांगलं टूल राखणदारालाही सांगतं की हे थांबणं ठरवून झालेलं आहे.

तिसरा थर मॉडेलचा. समजा, लॉगआउटची विनंती सर्व्हरवर पोहोचली, नाव निघालं, पण उत्तर परत येण्याआधी वेळ संपली. मॉडेलला दिसतं: ‘चूक’. ते टूल पुन्हा चालवतं. आता नावच नाही, म्हणून सर्व्हर ओळखायला नकार देतो. मॉडेलला पुन्हा ‘चूक’ दिसते. चूक दिसली की ती दुरुस्त करायला धावणं हा या मॉडेल्सचा स्वभाव, त्यामुळे ते ‘लॉगिन’चं टूल चालवून तुमच्यापुढे क्यूआर कोड धरू शकतं. बाहेर जायला सांगितलेला एजंट आत येण्याची परवानगी मागत उभा! यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्यांदा बोलावलं तरी टूलने ‘आधीच लॉगआउट झालेलं आहे, आणखी काही करायची गरज नाही’ असं शांतपणे सांगावं. टूलच्या निकालातलं असं एखादं स्पष्ट वाक्य पुढच्या दहा चुका वाचवतं, कारण मॉडेलसाठी तो निकाल हेच जग असतं.

निरोप पाठवायचा कशावरून?

तुमच्याशी बोलण्याचा एजंटचा एकमेव मार्ग व्हॉट्सॲप असेल, तर तिथून लॉगआउट झाल्यावर ‘काम झालं’ हे तो कुठून सांगणार? इतर कुठल्याही टूलबाबत ही अडचण येत नाही. ईमेल पाठवून झाल्यावर एजंट तसं कळवू शकतो, फाइल पुसून झाल्यावरही कळवू शकतो. लॉगआउट मात्र कळवण्याचं साधनच काढून घेतं. म्हणून सगळं बोलणं आधी उरकावं लागतं: काय होणार, परत यायचं तर काय करावं लागेल, झाल्याची खबर कुठे मिळेल. आणि खबरीसाठी ईमेल, एसएमएस किंवा संगणकाचा पडदा असा दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवावा लागतो.

आधी विचारणं गरजेचं आहे ते आणखी एका कारणाने. माणूस ‘आता व्हॉट्सॲप बंद कर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं? क्लास चालवणाऱ्या बाईंनी रात्री दहाला एजंटला असं सांगितलं, तर बहुधा त्यांना म्हणायचं असतं, ‘आता पालकांना उत्तरं देऊ नकोस, सकाळी बघू.’ कुणाला फक्त सूचनांचा आवाज नको असतो. क्वचित कुणाला खरोखर एजंटला काढून टाकायचं असतं. पहिल्या दोन इच्छा सकाळी सहज उलटवता येतात. तिसरी उलटवायला बाईंनी फोन हातात घेऊन क्यूआर कोड पुन्हा स्कॅन करावा लागतो, आणि एजंटचा संगणक दुसऱ्या गावातल्या ऑफिसात असेल तर पंचाईतच. बोललेलं वाक्य एकच, परिणामांत मात्र एवढं अंतर. शंका असेल तिथे एजंटने कमी नुकसानीचा अर्थ धरावा, आधी नुसतं गप्प व्हावं आणि मग विचारावं.

यंत्राने न समजता दाबलेली बटणं

यंत्राने भलतं बटण दाबल्याची उदाहरणं एजंट येण्याच्या फार आधीपासूनची आहेत. मे २००५ मध्ये गूगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ आणला. तुम्ही वाचत असलेल्या पानावरच्या लिंक तो आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे तुम्ही क्लिक केल्यावर पुढचं पान झटकन यावं. पण काही वेब ॲपमध्ये ‘डिलीट’सारखी कामंही साध्या लिंकवर टांगलेली होती. ॲक्सिलरेटरने त्या लिंकही इमाने इतबारे उघडल्या, आणि थर्टीसेव्हन सिग्नल्स कंपनीचं बॅकपॅक हे ॲप वापरणाऱ्यांची पानं नाहीशी होऊ लागली. त्यावर बराच वाद झाला आणि गूगलने काही काळ डाउनलोड थांबवलं. नियम आधीपासून होता. नुसतं वाचण्याच्या विनंतीने काही बदलता कामा नये, असं वेबच्या १९९९च्या मानकात लिहिलेलं होतं. बटण दाबणारा माणूसच असणार, असं गृहीत धरून ॲप बनवणाऱ्यांनी तो मनावर घेतला नव्हता.

एमसीपीने हा धडा घेतल्याचं दिसतं. मार्च २०२५च्या आवृत्तीपासून प्रत्येक टूलला इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावता येतात: हे फक्त वाचतं का, हे काही मोडतं का, हे दोनदा चालवलं तरी परिणाम एकच राहतो का, याचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो का. लॉगआउटला काय लावावं? वाचत नाही, मोडतं, दोनदा चालवलं तरी फरक पडत नाही. अशी चिठ्ठी पाहून एजंट चालवणारा प्रोग्राम मध्येच थांबून माणसाला विचारू शकतो. मात्र चिठ्ठी लावणारा टूलचा लेखकच असतो. म्हणून ओळख नसलेल्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका, असं त्या मानकातच बजावलं आहे.

नुसतं ‘विचारल्याशिवाय करू नकोस’ असं मॉडेलला लिहून देणं पुरत नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटने, काहीही बदलू नये अशी स्पष्ट ताकीद असताना, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं, आणि तेही खोटं निघालं. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. ताकीद शब्दांत असेल तर मॉडेल ती ओलांडू शकतं. परवानगीची अट टूलच्या कोडमध्ये असेल, म्हणजे माणसाने होकार दिल्याशिवाय विनंती पुढेच जात नसेल, तर मॉडेलला ती ओलांडता येत नाही.

दाराशी येणारे चोर

एजंट वाचतो तो प्रत्येक संदेश विश्वासाचा नसतो. अनोळखी नंबरवरून आलेल्या संदेशातच ‘आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर’ असं लिहिलेलं असेल, तर मॉडेलला मालकाची आज्ञा कोणती आणि नुसता मजकूर कोणता, हे नेहमी ओळखता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज या संस्थेने दाखवून दिलं की व्हॉट्सॲपशी जोडलेल्या एजंटला लपवलेल्या सूचनांनी फसवून मालकाच्या जुन्या गप्पा परक्या नंबरवर पाठवायला लावता येतात.

अशा हल्ल्याने लॉगआउटचं टूल चालवलं तर काय होईल? त्रास होईल, काम थांबेल. पण गुपित बाहेर जाणार नाही. ‘लॉगिन’चं टूल मात्र वेगळ्या जातीचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या सुरक्षा विभागाने सांगितलं की रशियाशी संबंधित हेरगट युक्रेनमधल्या लोकांना बनावट क्यूआर कोड स्कॅन करायला लावून सिग्नल या मेसेजिंग ॲपवरच्या त्यांच्या खात्याला स्वतःची उपकरणं जोडत आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हॉट्सॲपवर जोडणीचा कोड टाकायला लावून खाती ताब्यात घेणाऱ्या अशाच प्रकाराबद्दल सावध केलं. कुलूप कुठेही तुटलं नाही. मालकानेच नकळत परक्याला आत घेतलं. म्हणून स्वतः बाहेर पडण्याचं टूल एजंटला देण्यात फारसा धोका नाही. नवं उपकरण आत आणण्याचं टूल मात्र त्याच्या हाती कधीच असू नये.

तिसरी शक्यता म्हणजे एजंटने दुसऱ्यांना बाहेर काढणं. टेलिग्रामने इथे चांगली सोय करून ठेवली आहे. टेलिग्रामवर स्वतःचं सेशन केव्हाही संपवता येतं. पण नुकतंच आत आलेलं सेशन पहिले २४ तास इतर सेशन्सना बाहेर काढू शकत नाही. खातं चोरणाऱ्याने आत शिरताच खऱ्या मालकाला हाकलून देऊ नये, हा त्यामागचा हेतू. एजंटलाही हा नियम आपोआप लागू होतो. टेलिग्रामच्या बॉटसाठीच्या सोयीतही असाच सबुरीचा नियम आहे: बॉटला कंपनीच्या सर्व्हरवरून लॉगआउट केलं, तर दहा मिनिटं तिथे परत येता येत नाही.

या सगळ्यावरून शहाणं लॉगआउट टूल कसं असावं, हे ठरवता येतं. काही विपरीत वाटलं, तर एजंटने विचारत न बसता आधी डिस्कनेक्ट व्हावं. ती पायरी उलटवता येते, त्यामुळे परवानगीची गरज नाही. मग दुसऱ्या मार्गाने माणसाला कळवावं. लॉगआउट माणसाच्या होकारानेच व्हावं, आणि फक्त स्वतःच्या सेशनचं. माणसाला मात्र फोनवरून एजंटला काढताना एजंटच्या सहकार्याची गरज पडू नये. हा शेवटचा मुद्दा ॲपच्या रचनेतच आहे. फोनने सही मागे घेतली की एजंटने ऐकलं काय, न ऐकलं काय, संदेशांच्या प्रती थांबतात.

मागे काय उरतं?

लॉगआउट पुढचे संदेश थांबवतं, मागचे परत आणत नाही. व्हॉट्सॲपचे अनेक जोड आलेले संदेश शोधायला सोपे जावेत म्हणून एजंटच्या संगणकावर छोट्या डेटाबेस फाइलमध्ये साठवतात. लॉगआउटने किल्ल्यांची फाइल पुसली, तरी संदेशांची फाइल तशीच राहू शकते, आणि ती बहुधा साध्या वाचता येण्याजोग्या रूपात असते. मॉडेल कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल, तर गोषवाऱ्यासाठी पाठवलेला मजकूर तिकडे गेलेलाच असतो. तो किती काळ राहतो, हे त्या कंपनीच्या अटी ठरवतात. म्हणून प्रामाणिक टूल आपल्या निकालात तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगतं: सर्व्हरवरून नाव निघालं की नाही, किल्ल्या पुसल्या की नाही, साठवलेल्या संदेशांचं काय केलं. या तिन्ही गोष्टी नुसत्या ‘यशस्वी’ या शब्दात कोंबल्या, तर झेरॉक्सच्या दुकानात होणारा गैरसमज इथेही व्हायचाच.

सरकारलाही लांबलेल्या सेशनची काळजी आहे, वेगळ्या कारणाने. केंद्रीय दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मेसेजिंग ॲप कंपन्यांना निर्देश दिला. ॲप त्या नंबरच्या सिमकार्डाशी सतत बांधलेलं असावं आणि वेबवरची सेशन्स जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप लॉगआउट व्हावीत, पुन्हा यायचं तर क्यूआर कोडने जोडून घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. सिमकार्ड जवळ नसताना दूरवरून दुसऱ्याचं खातं चालवणाऱ्या सायबर ठगांना रोखणं हा त्याचा उद्देश. एजंटचा विचार त्यात नसला, तरी सेशनच्या जोरावर चालणाऱ्या एजंटपुढे तो प्रश्न उभा करतोच. रात्रंदिवस चालणाऱ्या एजंटला सहा तासांची मर्यादा लागू झाली, तर कुणीतरी दिवसातून चार वेळा फोन उचलून त्याला आत घ्यावं लागेल.

गैरसोय मोठी, यात शंका नाही. पण तिच्यामागचं तत्त्व या लेखातल्या तत्त्वाशी जुळतं: आत घेणं माणसाच्या हातून व्हावं आणि बाहेर पडणं एजंटवर अडून राहू नये. तूर्तास आपल्या हाती एक साधं काम आहे. एजंटने ‘लॉगआउट झालं’ असं सांगितलं की फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडायचं आणि ते नाव खरोखर गेलं का, हे स्वतः बघायचं. दिसलंच, तर त्यावर बोट ठेवून काढून टाकायचं. त्यासाठी एजंटची परवानगी लागत नाही.